नव्या आशाताईंसाठी: बाळासोबत आईचं मनही बघा

ताई, बाळंतपणानंतरचं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. उदासी त्यापुढे टिकली, तर २८व्या आणि ४२व्या दिवसाच्या घरभेटीत नीट विचारा. सासूबाईंसमोर बाई ‘बरंय’ एवढंच म्हणते, म्हणून एकटीशी बोला. गेल्या १५ दिवसांत मन खिन्न असतं का, कशातच रस वाटत नाही का? जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात न्या.

खचलेल्या आईकडून हुंकाराला हुंकार मिळत नाही, मग बाळाचं हसणं, आवाज काढणंही कमी होतं. मोठ्या मुलांत पोटदुखी, चिडचिड, शाळा बुडवणं दिसतं. धाकट्याला सांभाळून भाकरी थापणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीचं सगळे कौतुक करतात; मला तिचीच काळजी जास्त वाटते. तिला सांगा, आई आजारी आहे, तुझ्यामुळे नाही.

आई बरी होऊ लागली की मुलांचा त्रासही बहुधा कमी होतो. अंगावर पाजते म्हणून उदासीवरच्या गोळ्या परस्पर बंद करू देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.