मीटरभर व्यासाची उडती तबकडी रॉकेट मोटरवर उडेल का? मोटर कोणती घ्यावी, पॅराशूट लागतं का, आणि वजन बुडाशी ठेवलं तर सरळ जाईल ना?

उडते. पॅराशूट लागत नाही. मोटरचं खाली सांगतो. पण तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं, वजन बुडाशी ठेवायचं, ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. नाही जाणार भाऊ सरळ. पलटेल. आमची पलटली.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्याजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. 2022 साली फायनलच्या पोरांनी प्रोजेक्टला तबकडी घेतली, व्यास 1.2 मीटर, उंची 30 सेंटीमीटर, सगळं मिळून वजन साडेतीन किलो. गाईड एक सर होते, त्यांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, पण एकदा बोलले की बोलले.

सांगाडा फायबरचा करायचा म्हटलं तर पोरांना परवडत नव्हता. मग मी गावातल्या बुरड काकांकडे गेलो. सूप, टोपले, ढोले विणण्यात त्यांची साठ वर्षं गेली. ड्रॉइंग पाहून म्हणाले, "दोन टोपले तोंडाले तोंड लावून बांधाचे, यवढंच ना?" एवढंच होतं. हिरवा बांबू रात्रभर टाक्यात भिजवला, सकाळी फाडला, प्रत्येक कमचीचा आतला पांढरा गर सोलून टाकला आणि बाहेरची साल ठेवली, कारण बांबूची ताकद सालीत असते हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. वर सोळा कमच्या, खाली सोळा, कडेला दुहेरी वळं, आणि मधोमध कापडाच्या ताग्यातला पुठ्ठ्याचा जाड नळा, त्यात मोटर बसणार. वरून छत्रीचं कापड शिवून घेतलं, खाली नोझलभोवती, म्हणजे मोटरच्या आग सोडणाऱ्या तोंडाभोवती, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.

सांगाडा झाल्यावर काकांनी तो सुतळीने मधोमध धरून दारात टांगला. हळूहळू फिरत होता. ते उकिडवे बसून बघत राहिले, मग एका बाजूला बोट लावून म्हणाले, "इकडं जड हाय." सुरीने त्या बाजूच्या दोन कमच्यांवरून तीन-चार बारीक सालपटं काढली, कांद्याच्या टरफलाएवढी, आणि परत टांगला. मी नंतर लॅबमध्ये कडेला चार ठिकाणी काटा लावून तपासलं, चारही बाजूंना फरक 5 ग्रॅमच्या आत.

आता वाद. सरांचं म्हणणं असं की वजन खाली पाहिजे, लोंबकळणाऱ्या गोष्टीसारखं, म्हणजे तबकडी कलली तरी परत सरळ होईल. पंक्चरवाल्याकडून आणलेलं 400 ग्रॅम शिसं त्यांनी बुडाच्या पत्र्याला लावायला सांगितलं, वरून मोटरही पार खाली. मी म्हटलं सर, उलटं आहे, तोलबिंदू पुढे म्हणजे नाकाकडे, वर पाहिजे, आणि हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू त्याच्या मागे पाहिजे. ते म्हणाले, "तू ऑसिलोस्कोप सांभाळ." हे पोरांसमोर.

म्हणून मी काकांकडून फूटभराची छोटी जोडटोपली करून आणली आणि लॅबच्या मागे त्यांना दाखवलं. जिथे तोलते तिथेच दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायची. जोर पकडल्यावर नाक पुढे धरून राहिली तर ठीक, कोलांट्या खाल्ल्या तर नाही. शिसं बुडाला लावलं तर टोपली कोलांट्या खात होती, नाकात घातलं तर सरळ फिरत होती. छंद म्हणून रॉकेटं उडवणाऱ्यांचीही ही जुनी चाचणी आहे, मी काही शोध लावला नाही. सर म्हणाले, टोपली वेगळी आणि रॉकेट वेगळं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिलं उड्डाण. तूर निघाली होती, वावर मोकळं. मोटर नागपूरकडच्या एका परवानाधारक कारखान्याची, त्यांचाच परवानावाला माणूस सोबत आला, त्यानेच बसवली आणि त्यानेच 60 मीटर लांबून बटण दाबलं. तबकडी 1.8 मीटरच्या सळईवरून सुटली, दोन पुरुष वर गेली असेल नसेल, कलली आणि कलतच गेली. मोटर तर चालूच. पूर्ण पलटी मारून जमिनीवर आली आणि कडेवर उभी राहून बैलगाडीच्या चाकासारखी धावत सुटली, तीसेक मीटर, धूर सोडत, आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन आपटली. तिथलं वाळलं गवत पेटलं. पोती ओली करून ठेवली होती म्हणून दोन मिनिटांत विझवलं. माणसं त्या बाजूला नव्हती हे नशीब नाही, तेवढं आम्ही ठरवून केलं होतं.

सर म्हणाले, वारा होता.

भाऊ, ही चूक एकट्या सरांची नाही, ती फार मोठ्या माणसाने केलेली चूक आहे. अमेरिकेचे रॉकेट शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी 16 मार्च 1926 ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नला द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, त्यात इंजिन वर होतं आणि टाक्या खाली, हाच विचार की खालचं वजन त्याला सरळ ठेवेल. ते अडीच सेकंद उडालं, 41 फूट वर गेलं आणि 184 फूट लांब पडलं. पुढे त्यांनी स्वतःच इंजिन खाली नेलं. का, तर लंबकाला वरचा खिळा धरून ठेवतो, रॉकेटला वर धरायला कोणी नाही. रॉकेट कललं की जोरही त्याच्यासोबत कलतो, आणि गुरुत्वाकर्षण तोलबिंदूवरच ओढतं म्हणून ते काही सरळ करत नाही. सरळ करते ती फक्त हवा, आणि तीही तोल पुढे असेल तरच. गोडार्डना सांगायला आधी कोणी नव्हतं. आमच्या सरांना तिथेच उभं राहून कोणीतरी सांगत होतं.

दुसऱ्या वेळी सर बाहेरगावी होते. पोरांना म्हटलं, आता माझं ऐका. शिसं बुडावरून काढून नाकात घातलं, मोटर नळ्यात 9 सेंटीमीटर वर सरकवली. आधी तोल कडेच्या वळ्याच्या 2 सेंटीमीटर खाली होता, तो 2 सेंटीमीटर वर आला. बस, एवढाच बदल. काकांनी मोडलेल्या सहा कमच्या बदलून दिल्या, पैसे घेतले नाहीत. होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला उडवली. जे झालं ते मला अजून तोंडी नीट सांगता येत नाही. कडक आवाज झाला आणि 1.2 मीटरचं काळं छत्र सरळ वर गेलं, घाईत नाही, दिसत दिसत गेलं, प्रत्येक कमचीची रेघ दिसत होती. काका धुऱ्यावर उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात धरली. व्हिडिओवरून मोजलं तर 38 ते 40 मीटर, आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीच्या दुपटीहून जास्त. वर क्षणभर थांबली आणि पोट खाली करून डुलत खाली आली. कडेच्या दोन कमच्या मोडल्या फक्त.

म्हणून पॅराशूट नको. तबकडी स्वतःच पॅराशूट आहे. आमची सेकंदाला साडेसात-आठ मीटरने उतरली, हा वेग तीन मीटरवरून खाली सोडल्यावर जेवढा लागेल तेवढा, म्हणजे धडकतेच, पण बांबू वाकतो आणि धक्का खाऊन घेतो, फायबर तडकला असता. नासाने 2014 आणि 2015 ला हवाईच्या काउआई बेटाजवळ तबकडीच्या आकाराचं यान उडवलं, फुग्याने 36 किलोमीटर वर नेऊन तिथून मोटर पेटवली, आणि सरळ राहावं म्हणून आधी छोट्या मोटरींनी ते गरगर फिरवलं. दोन्ही वेळा पॅराशूटच फाटलं. अर्थात ते मंगळाच्या विरळ हवेसाठी होतं, आपली हवा दाट आहे, तिचा फायदा घ्या.

मोटर. मोटरींना ताकदीप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरं असतात, आमची आय वर्गाची होती, सरासरी 350 न्यूटन आणि जेमतेम 1.4 सेकंद, म्हणजे वजनाच्या दहापट जोर. साध्या रॉकेटला पाचपट चालतो, तबकडीला मी पाचपट कधीच म्हणणार नाही, सळई सोडताना तिला वेग पाहिजे. एक पायरी मोठी मोटर लावली की दुप्पट उंच जाईल असं समजू नका, जोर सगळा हवेला ढकलण्यात जातो, आमची सेकंदाला 25 मीटरच्या वर गेलीच नाही. उंची हवी असेल तर तबकडी करूच नका. रॉकेट आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखणार असाल तर ते एवढ्या बुटक्या आकाराला चुकीचा अंदाज देतं, त्यासाठी बुडाच्या मागे व्यासाच्या 3.14 पट लांबीचा, शून्य वजनाचा एक शंकू जोडतात, मग हवेच्या दाबाचा बिंदू बराच बरोबर येतो. तुमच्या 1 मीटरला नेमकी कोणती लागेल ते तुमच्या वजनावर आहे आणि वजन तुम्ही दिलंच नाही.

हे आधी लिहायला पाहिजे होतं: मोटर घरी बनवायची नाही. फटाक्यांची दारू काढून तर मुळीच नाही, त्यात हात जातात. 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे नियम आहेत, आणि ते बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शाळा-कॉलेज किंवा परवानावाला कारखाना सोबत असल्याशिवाय हात घालू नका, पोलीस ठाण्यात लेखी द्या. गावालाही आधी सांगून ठेवा. त्याच वर्षी 2 एप्रिलला रात्री आभाळातून जळते पट्टे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला तीनेक मीटरचं लोखंडासारखं कडं पडलं, चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं, पण त्या रात्री अकरा वाजेपर्यंत मला फोन होते, "भाऊ, तुमचीच का?" परवानगी नसेल तर काकांसारखी टोपली घ्या, दोन लिटरची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप. तोलाचा नियम तोच आहे.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सरांचं नाव पहिलं आहे, पोरांची आहेत, काकांचं कुठेच नाही. सांगाडा "स्थानिक साहित्यातून तयार केला" असं एक वाक्य आहे. तुम्ही बनवाल तेव्हा ज्याने बांधला त्याचं नाव कापडावर मोठ्या अक्षरात रंगवा, मी रंगवलं असतं तर ते फोटोत तरी राहिलं असतं.

आणि वाऱ्याचं. दोन्ही दिवशी सळईशेजारी बांबूला मी लाल फीत बांधली होती आणि दोन्ही व्हिडिओत ती दिसते. पहिल्या दिवशी, तबकडी पलटली त्या दिवशी, फीत सरळ खाली लोंबते आहे. दुसऱ्या दिवशी ती अर्धी उडते आहे. सर हे वाचत असतील तर पहिला व्हिडिओ चौथ्या सेकंदाला थांबवून डाव्या कोपऱ्यात बघावं.