डबे फुल, तरी रोज प्रश्न की करायचं काय?

प्रश्न : ताई, आम्ही दोघंच असतो आणि दोघांचंही ऑफिस. वेगळं घर केलं तेव्हा हौसेने व्हिडिओ बघून बघून सामान भरलं, चार प्रकारचे सॉस, तीन पिठं, कसल्या कसल्या बिया. आता कपाटात जागा नाही, पण संध्याकाळी घरी आलं की करण्यासारखं काहीच नाही असं वाटतं आणि शेवटी बाहेरूनच मागवतो. बेसिक म्हणून नेमकं काय ठेवावं?

उत्तर : अगं, तू रेसिपी बघून सामान आणलंस ना, तिथेच सगळं अडलंय. एका रेसिपीसाठी आणलेला सॉस दोन चमचे वापरला जातो आणि मग मागे सरकत सरकत पार कोपऱ्यात जाऊन बसतो. त्यामुळे यापुढे दुकानात कुठलीही वस्तू उचललीस की आधी बघ, आपल्याकडे नेहमी होणाऱ्या निदान तीन पदार्थांत ही जाते का. जात नसेल तर कितीही मोह झाला तरी ठेवून दे.

सुरुवात पोट भरणाऱ्या गोष्टींपासून कर, म्हणजे तांदूळ, पीठ, पास्ता किंवा ओट्स, जे तुम्ही खरंच खाता तेच. त्याच्या जोडीला डाळी आणि कडधान्यं. मला मसूर डाळ फार भरवशाची वाटते कारण ती भिजवायला लागत नाही, साध्या पातेल्यात साधारण २० मिनिटांत शिजते, पातळ ठेवली तर सूप, घट्ट केली तर ब्रेडवर लावायला, आणि भातात घातली तरी छानच. काबुली चण्यांना रात्रभर भिजणं लागतं म्हणून दमून आल्यावर त्यांचा काही उपयोग नाही असं वाटतं, पण सुट्टीच्या दिवशी एकदम शिजवून छोट्या डब्यांत थोड्या पाण्यासकट फ्रीझ करून टाकले की आठवडाभर चिंता नाही. एक कप कोरड्या चण्यांचे शिजून अडीच-तीन कप होतात, तेव्हा घेताना कमीच घे. राजमा घेणार असशील तर मात्र एक नक्की पाळ, भिजवलेलं पाणी फेकून दे आणि ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळून पूर्ण मऊ शिजव, नुसत्या मंद आचेवर ठेवून देऊ नकोस, कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक द्रव्य असतं आणि ते मंद आचेवर जात नाही.

आता चवीचं. मीठ, तिखट सगळे आठवणीने भरतात आणि आंबट विसरतात!! डाळ किंवा सूप सपक लागलं की आपण मीठ वाढवत बसतो, खरं तर कितीतरी वेळा तिथे लिंबू किंवा चमचाभर व्हिनेगरच हवं असतं. कांदा, लसूण, अंडी आणि टोमॅटो प्युरी एवढं घरात असलं की जेवण होतंच होतं. प्युरीचा डबा उघडला की उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझ कर, एकेक क्यूब काढता येतो. बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब ठेव. तेल गॅसच्या शेजारी नको, उष्णतेने लवकर खवट होतं. आणि दोघांच्या घराला मोठा फॅमिली पॅक स्वस्त पडत नाही गं, अर्धा टाकून द्यावा लागला तर कसली बचत.

प्रश्न : डबे घट्ट झाकणाचे आहेत, तरी पिठात आणि तांदळात किडे होतातच. काय चुकतंय?

उत्तर : किड्यांची अंडी बऱ्याचदा सामानाबरोबरच घरात येतात, त्यामुळे झाकण कितीही घट्ट असलं तरी आत व्हायचं ते होतंच. आणलेलं पाकीट तसंच पिशवीत गुंडाळून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, फ्रीझर उणे १८ डिग्रीचा हवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर ओल धरते. आणि जुन्या पिठावर नवीन ओतायचं नाही, डबा रिकामा करून, धुऊन, पूर्ण कोरडा करून मगच भरा. मैद्यापेक्षा कोंड्यासकट दळलेलं पीठ लवकर खवट होतं कारण त्यात धान्यातलं तेलही असतं, ते थोडंथोडंच आणलेलं बरं.

प्रश्न : तारीख उलटलेल्या वस्तू सरसकट टाकाव्यात का? जिवावर येतं.

उत्तर : आधी पाकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा. 'बेस्ट बिफोर' ही चव-दर्जाची तारीख असते, त्यानंतर कोरडा पास्ता किंवा पांढरा तांदूळ नीट ठेवलेला असेल तर चालतो. 'यूज बाय' असेल तर ती सुरक्षिततेची तारीख, तिथे जिवावर आलं तरी टाकायचंच. मसाले सहसा बाधत नाहीत, पण चिमूटभर चोळून वास घ्या, वास आला नाही तर चवही येणार नाही. बेकिंग पावडरची शंका असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फेसाळली तर चांगली आहे. फुगलेला किंवा गळणारा सीलबंद डबा मात्र तारखेच्या आतला असला तरी टाका, आणि खराब आहे का ते बघायला जिभेवर अजिबात ठेवू नका.