तिसऱ्या अटेम्प्टचं राहू द्या, आधी पोरीला जेवायला बोलवा

भाऊ, चोपड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी दोनदा नीटला बसली, नंबर लागला नाही, आता तिला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचंय आणि पुढे हवेतल्या प्रदूषणाच्या कणांचं कॉम्प्युटर मॉडेलिंग, आणि तुमचं म्हणणं की तिसऱ्यांदा बसायचंच, 'हे खूळ डोक्यातून जाईल असं दोन शब्द लिहा'. ते मी लिहिणार नाही.

शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की दिवाळीपासून ती ताट घेऊन वरच्या खोलीत जाते, घरच्यांसोबत जेवत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. मार्कांनी पान भरलंय, साडूच्या पोराचं एमबीबीएस दोनदा आलंय, पण पोरीला काय वाटतं ते कुठेच नाही. दोन वर्षं घरात कोंडून अभ्यास केला तिने, त्यात तिसरं कशाला घालायचं, लग्नकार्यात लोक विचारतात म्हणून? तिला हाक मारून खाली बोलवा आणि त्या जेवणात नीटचं नाव काढू नका. झोप लागत नसेल, सारखी रडत असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात लाज कसली.

आता 'कॉम्प्युटरचंच करायचं तर इंजिनिअरिंग का नाही' हा तुमचा प्रश्न. अहो, हे काम मुळात केमिस्ट्रीचं आहे. कापूस निघाल्यावर शिवारात पऱ्हाट्या पेटवतात ना, तेव्हा धूर दिसतो पण सोबत न दिसणारे गॅसही निघतात, ऊन आणि ओझोनमुळे त्यांची रिअ‍ॅक्शन होते आणि हवेतच त्यांचे कण बनतात नाहीतर ते आधीच्या कणांवर जाऊन बसतात, म्हणजे पीएम २.५, हवेतले ते अगदी बारीक कण, त्यातला बराच माल कुठल्याच धुराड्यातून तसा बाहेर पडलेला नसतो. असे सेंद्रिय पदार्थ हजारोंनी, एकेकाचं लिहीत बसलं तर कॉम्प्युटरही पुरा पडत नाही, म्हणून ते किती सहज उडतात त्यावरून गट पाडतात, २००६ मध्ये आलेली ही पद्धत आज खूप वापरतात. मे महिन्यात आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत जो पदार्थ गॅस होऊन फिरतो तोच जानेवारीच्या पहाटे कणाला चिकटतो, आणि हे मॉडेलमध्ये बसवायला केमिस्ट्री कळणारं माणूसच लागतं. फोरट्रान, पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषा काय, शिकता येतात.

बारावीला गणित होतं की नुसतं बायोलॉजी, ते तुम्ही लिहिलंच नाही. नसेल तर तिला स्पष्ट सांगतो, डिफरन्शियल इक्वेशन टाळून इथे काही होत नाही, गणित करावंच लागेल.

रस्ता नेहमीचाच, बीएस्सी, मग जॅम ही आयआयटीवाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन किंवा विद्यापीठातून एमएस्सी, मग नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळवायची परीक्षा, आणि पीएचडी. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, दिल्लीच्या हवेचा अंदाज ते अशाच मॉडेलवर काढतात. पण वेळ लागतो, जवळजवळ तिशीपर्यंत फेलोशिपवरच राहावं लागतं, जेआरएफला महिन्याला ३७ हजार मिळतात, आणि पक्की नोकरी त्यानंतरही लगेच लागेल असं मी म्हणणार नाही.

पुढचं पत्र तुम्ही नका लिहू भाऊ, तिला लिहू द्या, आणि पाठवायच्या आधी वाचायला मागू नका.