ठाणे-नवी मुंबईमार्गे गाडीने जाताना चांगलं स्थानिक जेवण कसं शोधायचं?

आधी हायवे सोडा. सायन-पनवेल असो की नाशिकचा रस्ता, कडेच्या मोठ्या पाट्यांवर सगळीकडे तेच पनीर आणि तोच पुलाव. जेवणासाठी वीस मिनिटं गावात शिरायची तयारी ठेवा.

माझा भरवसा कचेरीवर असतो. तहसील, कोर्ट, एसटी स्टँड, भाजी मंडई यांच्या आसपास रोज तेच लोक जेवतात, त्यामुळे वाईट जेवण देऊन तिथे कुणी टिकत नाही. ठाण्याची प्रसिद्ध मामलेदार मिसळ तहसील कचेरीशेजारीच आहे, नावही तिथूनच आलं. तिखट झेपत नसेल तर मीडियमच सांगा, तिथला कट खरंच जाळतो.

नवी मुंबईत आलात तर आगरी-कोळी जेवण चुकवू नका. बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाडा आहे. त्या बाजूला चौकशी करा. तांदळाची भाकरी ऑर्डरनंतर थापली जातेय का, ते बघा. भाकरी ताजी असली की बाकीचंही बहुतेक चांगलं निघतं. ‘आज काय आलंय?’ असं विचारा. ‘सगळं आहे’ म्हणाले तर मी उठतो. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा पापलेटचा हट्ट नको. सुकट किंवा सुके बोंबील मागवा, तेही फार सुंदर लागतात.

गुगलवर तारे बघू नका, लोकांनी टाकलेले ताटांचे ताजे फोटो बघा. आणि पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसाला ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ न विचारता ‘दादा, तुम्ही कुठे जेवता?’ असं विचारा.