एग पिकअपनंतर उलट्या: भूल टाळू नका, मागच्या भुलीचा कागद मिळवा

ताई, आयव्हीएफच्या एग पिकअपनंतर (ओव्हरीतून म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीजं काढतात ते) दिवसभर उलट्या, हुडहुडी, आणि आता पुढच्या सायकलला, म्हणजे पुढच्या प्रयत्नाला, भूल न घेता करता येईल का असं विचारलंयत. वाचून पोटात कालवलं, माझं अगदी हेच झालं होतं. उपाशीपोटी जाणं वगैरे माहीतच असेल, ते सोडते.

बिनभुलीचं करा असं मी तरी म्हणणार नाही (डॉक्टर नाही मी, अनुभव सांगतेय). सुई योनीमार्गातून थेट ओव्हरीत जाते हो. त्यापेक्षा कोणती औषधं देणार ते विचारा. एकट्या प्रोपोफॉलने (शिरेतून देतात ते भुलीचं औषध) सहसा मळमळत नाही, पण सोबत फेंटॅनिलसारखं तीव्र वेदनाशामक दिलं की काहीजणींना त्रास होतो, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना जास्तच. मला वरंधा घाटात पिशवी हातात धरूनच बसावं लागतं, पण हे त्या सेंटरमध्ये कोणी विचारलंच नाही, भूलतज्ज्ञ पहिल्यांदा दिसले ते ओटीत, वजन विचारलं, हातात आग आग झाली की पुढचं काही आठवत नाही.

खरा मनस्ताप नंतर. दुसरीकडे गेले तर तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमचा पहिलाच प्रश्न, मागच्या वेळी काय काय दिलं होतं? कार्डावर नुसतं 'ओपीयू अंडर सिडेशन', म्हणजे भूल देऊन पिकअप केलं एवढंच. जुन्या सेंटरला फोनवर फोन केले, फाइल स्टोअरला आहे, मॅडम सुट्टीवर आहेत, आणि शेवटी म्हणे ती भुलीची नोट पेशंटला देत नाही! का नाही? माझ्याच शिरेत गेलेलं औषध मला कळायला नको? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं. म्हणून फोन करत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला तो कागद शेवटपर्यंत मिळाला नाही, नव्या मॅडमनी अंदाजानेच औषधं बदलली, उलटीचं इंजेक्शन आधीच दिलं, आणि त्या वेळी मी संध्याकाळी वरणभात खाल्ला.

भूलतज्ज्ञांना पिकअपच्या आधी सोनोग्राफीच्या फेऱ्या चालू असतानाच भेटा, कारण ट्रिगर (एग्ज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) घेतला की ३४-३६ तासांत पिकअप, मग कोणाला वेळ नसतो. वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

उलट्यांनी एग्ज खराब होत नाहीत, ती तोवर लॅबमध्ये असतात, घरचे काही का म्हणेनात. पण दोन-तीन दिवसांनीही उलट्या, पोट टम्म, लघवी कमी, धाप असं असेल तर ते भुलीचं समजू नका, ओएचएसएस (हार्मोनच्या इंजेक्शनांनी ओव्हरी जास्त उत्तेजित होऊन होणारा त्रास) असू शकतं, रात्र असली तरी फोन करा.

ट्रान्सफरला (गर्भ गर्भाशयात सोडतात तेव्हा) सहसा भूल लागत नाही, लघवी तुंबवून जावं लागतं एवढंच, त्याची धास्ती आत्तापासून घेऊ नका.