कोळी स्वतःच्या जाळ्यात का अडकत नाही?

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या बाल्कनीच्या ग्रिलमध्ये रोज संध्याकाळी मोठं गोल जाळं दिसतं, लाइटवर येणारे किडे त्यात अडकतात, आणि सकाळी बघावं तर जाळं गायब! कोळी रोज कुठे पळून जातो का? किडे चिकटतात तर तो स्वतः का चिकटत नाही? आणि आपल्या पावसात तो गोंद धुऊन जात नाही का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : ताई, कोळी कुठेही पळालेला नसतो, दिवसा तो ग्रिलच्या कोपऱ्यात नाहीतर कुंडीतल्या पानाखाली अंग चोरून बसलेला असतो, आणि जाळं त्यानेच खाल्लेलं असतं. 'त्याने' म्हणजे खरं तर तिने, कारण एवढं मोठं जाळं विणणारी सहसा मादीच असते. रेशीम म्हणजे प्रोटीन, ते बनवायला बरंच खर्ची पडतं, मग जुनं जाळं पोटात घालायचं आणि रात्री त्यातूनच नवीन धागा काढायचा. तुमच्या वर्णनावरून ही बहुधा निओस्कोना गटातली असावी, ती दिवस मावळला की जाळं विणायला घेते.

आता चिकटण्याचं. जाळं एकाच धाग्याचं असतं असं आपल्याला वाटतं ना, तसं अजिबात नसतं. असं गोल जाळं विणणाऱ्या मादीच्या पोटात रेशमाच्या सात प्रकारच्या ग्रंथी असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मधून बाहेर जाणारे धागे कोरडे आणि ताठ, वजनाच्या हिशोबाने स्टीलपेक्षा कितीतरी मजबूत. त्यांच्यावरून गोल गोल फिरत गेलेला धागा मात्र भयंकर ताणला जातो, स्वतःच्या लांबीच्या दुपटीहून जास्त, आणि गोंद असतो तो फक्त ह्याच्यावर. किडा धाडकन येऊन आदळला की त्याचा जोर धागा ताणण्यात जिरतो, त्यातला बराचसा उष्णता होऊन निघून जातो, म्हणून किडा उसळून परत बाहेर पडत नाही. मला तर ह्यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, नुसतं मजबूत असून भागलं नसतं! आणखी एक गंमत, पंख फडफडवणाऱ्या किड्याच्या अंगावर विजेचा थोडा भार साठतो आणि जाळ्याचे धागे त्याच्याकडे ओढले जातात, हे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलंय.

मादी चालते ती शक्यतो कोरड्या धाग्यांवरून. पण चिकट धागा लावताना मागचा पाय त्याला लागतोच, रात्री टॉर्च घेऊन बघा, ती बाहेरून आत गोल फिरत येते आणि प्रत्येक आऱ्यापाशी मागच्या पायाने धागा ओढून टेकवते. तेव्हा पायावरच्या केसांची फक्त टोकं गोंदाला लागतात, पायावर न चिकटू देणारा पातळ थर असतो आणि पाय ती अशा बेताने उचलते की गोंद टोकावरून ओघळून सुटतो.

पावसाचं तुम्ही बरोबर पकडलंत. मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून धागा बघितलात तर त्याच्यावर ओळीने बारीक बारीक थेंब दिसतील, तोच गोंद. त्यात हवेतलं पाणी ओढून घेणारे क्षार असतात, त्यामुळे तो सुकत नाही, म्हणजे आपली दमट हवा त्याला हवीच असते. धो धो पाऊस थेट पडला तर मात्र क्षार धुऊन जातात, चिकटपणा कमी होतो, धागेही तुटतात, मग जाळं नव्याने विणण्याशिवाय इलाज नाही. येऊरच्या जंगलात पावसाळा सरता सरता दिसणारी जायंट वुड स्पायडर तिचं सोनेरी जाळं रोज मोडत नाही, फाटेल तेवढंच दुरुस्त करते.

प्रश्न : घरातल्या कोपऱ्यातली जळमटं हाताला चिकट का लागत नाहीत?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : दादा, ती बहुतेक लांब काटकुळ्या पायांच्या कोळ्याची असतात, त्याच्या धाग्याला असा गोंदच नसतो. किडा त्या गुंत्यात अडखळला की कोळी लांबूनच मागच्या पायांनी त्याच्यावर रेशीम फेकत राहतो, तो पार गुंडाळला गेला की मगच जवळ जाऊन चावतो. डासही खातो आणि दुसरे कोळीसुद्धा, तेव्हा नुसती धूळ धरलेली जळमटं खुशाल झाडा, पण तो बसलेला दिसला तर तेवढा कोपरा राहू द्या.