वाचक विचारतात : उत्तरेनेही फुटण्याची भाषा केली होती का?

प्रश्न : अमेरिकेतून फुटून निघाली ती दक्षिणेची राज्ये, असे शाळेत शिकलो. त्याआधी उत्तरेतही व्यापारबंदीवरून तशी भाषा झाली होती म्हणतात. खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होय, खरे आहे. इंग्लंड आणि फ्रान्स अमेरिकी जहाजे अडवत होते, इंग्रज तर त्यांवरचे खलाशी पकडून नेत. युद्धाऐवजी व्यापार तोडून त्यांना वठणीवर आणू, असे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी ठरवले. डिसेंबर १८०७च्या कायद्याने अमेरिकी जहाजांना परदेशी बंदरे बंद झाली. निर्यात १०.८ कोटी डॉलरवरून वर्षभरात २.२ कोटींवर आली. इंग्लंड काही नमले नाही. उत्तरेतल्या बॉस्टन, सेलम या बंदरांत मात्र जहाजे धक्क्याला कुजू लागली. बड्या व्यापाऱ्यांनी कसेबसे निभावले. खलाशी, दोर वळणारे, सुकी मासळी वेस्ट इंडीजला पाठवणारे कोळी यांनी काय करायचे? मला या कायद्याचा राग येतो तो त्यांच्यासाठी.

त्यातच जानेवारी १८०९मध्ये नुसत्या संशयावरून माल जप्त करण्याची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. हा कायदा आम्हांवर बंधनकारक नाही, असा ठराव मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने केला. कनेक्टिकटचे गव्हर्नर ट्रंबुल यांनी अंमलबजावणीसाठी राज्याच्या शिबंदीची मदत द्यायला नकार दिला. केंद्राचा कायदा घटनाबाह्य असेल तर राज्यांनी आडवे यावे, ही मांडणी १७९८मध्ये खुद्द जेफरसन यांनीच केली होती! मार्चमध्ये बंदी उठली.

फुटण्याची भाषा टिमथी पिकरिंग यांच्यासारखे न्यू इंग्लंडमधले, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतले, काही पुढारी १८०४पासूनच करत होते. इंग्लंडशी झालेल्या १८१२च्या युद्धात तिला जोर चढला. डिसेंबर १८१४मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला न्यू इंग्लंडचे २६ प्रतिनिधी बंद दाराआड जमले. या परिषदेला सरसकट फुटीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी मागितल्या त्या घटनादुरुस्त्या. त्यांतली एक अशी : व्यापारबंदी ६० दिवसांहून अधिक लादता येऊ नये. सात वर्षांपूर्वीची जखम त्या कलमात दिसते.

मागण्या घेऊन मॅसॅच्युसेट्सचे दूत वॉशिंग्टनला गेले. तिथे न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांवर मिळालेल्या विजयाची आणि त्यांच्याशी झालेल्या तहाची बातमी येऊन ठेपली. मागण्या न मांडताच ते परतले. त्यांच्या फेडरलिस्ट या जेफरसनविरोधी पक्षावर देशद्रोहाचा शिक्का बसला. १८१६नंतर त्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारच उभा केला नाही.